पाण्याखालची त्रेचाळीस नावं

बारकूमामाच्या लॅपटॉपला युरियाच्या गोणीचा वास येतो. ओल लागू नये म्हणून तो लॅपटॉप आधी मामीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळतो, मग गोणीत घालतो आणि गोणी झोळीत. पौडला माझ्या दुकानात येऊन तो ही झोळी सोडायला लागला की रांगेतली माणसं माना उंचावून बघतात. त्यांना वाटतं, डोंगरातला म्हातारा मध विकायला आलाय. पूर्वी तो मधच विकायचा, त्यामुळे त्यांचं फार चुकतं असंही नाही.

दुकान माझं. झेरॉक्स, फोटो, सातबाराचे उतारे, शाळेचे नि रेशनचे ऑनलाइन फॉर्म. माझं नाव विलास आणि डोकं जरा गरम. गरम नसतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती, हे आधीच सांगून टाकतो.

मामाची वाडी मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर आहे. बारा घरं. त्यातल्या पाच घरांना कुलूप, कारण माणसं कामाला खाली गेलेली. मामाचा मुलगा पप्पूही घोटावड्याला कंपनीत असतो, सणावारी येतो. वर राहिलेत मामा, कृष्णामामी, चार शेळ्या आणि ढग. भाद्रपदात तिथे ढग घरात शिरतात. पुढच्या दारानं येतात, मागच्या दारानं जातात, आणि मामी चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांना म्हणते, ‘‘आलास व्हय? जा आता.’’ मी स्वतः ऐकलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून कोण आलं ते बघितलं होतं.

मामानं जन्मभर दोनच कामं केली. जंगलातून हिरडा आणि मध आणून विकला, आणि चुकलेल्या माणसांना वाट दाखवली. शनिवार-रविवारी डोंगर चढायला येणारी शहरातली पोरं धुक्यात हरवली की पोलीस पाटील त्याच्याकडे निरोप धाडतो. मामा काठी घेतो, वहाणा घालतो आणि जातो. आजवर एकही माणूस त्याच्या हातून गेला नाही. हे तो सांगत नाही, लोक सांगतात.

त्याला डोंगरावरच्या प्रत्येक जागेचं नाव येतं. शंभर पावलं चाललं की नाव बदलतं. शिंकेचं वळण, कारण तिथे सूर्य एकदम डोळ्यांत येतो आणि शिंक येते; मलाही आली. दोन भावांचं पाणी, कारण एकाच खडकातून दोन धारा निघतात आणि खाली जाईपर्यंत एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आरशाचा कातळ, जिथे पावसाचं पाणी साचतं आणि त्यात आभाळ पडलेलं असतं. ही नावं कुणी बसून ठेवलेली नाहीत. काहीतरी घडलं, लोक म्हणायला लागले, नाव पडलं. मुद्दाम ठेवलेलं नाव डोंगर धरत नाही, असं मामाचं ठाम म्हणणं आहे.

लवळ्याच्या टेकडीवरच्या कॉलेजात शिकणारा अनिमेष नावाचा एक मुलगा एकदा मामाबरोबर दोन दिवस हिंडला. नावं ऐकून वेडाच झाला. ‘‘काका, या सगळ्याचा नकाशा कुठाय?’’ असं त्यानं विचारलं, तेव्हा मामानं आपल्या पायाकडे बोट दाखवलं. शिक्षण संपवून गावी परत जाताना अनिमेष स्वतःचा जुना लॅपटॉप मामाला देऊन गेला. फोनवर आवाज कसा भरायचा आणि तो लॅपटॉपवर कसा ठेवायचा, तेवढं त्यानं शिकवलं. बाकी शिकवायची जबाबदारी न विचारता माझ्या गळ्यात पडली.

अशी तीन वर्षांत तीनशे अकरा नावं जमली. एकेका नावाची एकेक फाईल, आणि प्रत्येकीत कुणाचा तरी आवाज: जागा कुठे, नाव का पडलं, तिथे काय झालं.

त्यातल्या त्रेचाळीस नावांचं प्रकरण निराळं. ती धरणाखाली गेलेल्या जागांची. शंभर वर्षांमागे खोऱ्यात पाणी भरलं तेव्हा गावं गेली, तसे पाणवठे, बांध, उतार, विसाव्याचे दगडही गेले. मामाची चुलती गोजराबाई तेव्हा जन्मलेलीही नव्हती. पण तिच्या आईला तिच्या आईनं ती नावं सांगितली होती, वाटेवरून चालावं तशी ओळीनं, एकही गाळायचं नाही. गोजराबाईनं त्यातली एकही जागा डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. नावं सांगताना ती डोळे मिटायची आणि सारवलेल्या जमिनीवर दोन बोटांनी चालायची. बोटं घरातून निघायची, उंबरापाशी वळायची, पाण्याला जायची. मामानं ते सगळं भरून घेतलं. गेल्या पौषात ती गेली. वरची नावं मामा पुन्हा चालून पुन्हा भरू शकला असता. पाण्याखालची मात्र फक्त त्या लॅपटॉपमध्ये होती.

‘‘मामा, दुसरीकडे कॉपी ठेवा,’’ मी सांगत होतो.

‘‘ठिऊ की.’’

‘‘कधी?’’

‘‘ठिऊ की रं.’’

आणि मग आठवड्यातून दोनदा फोन. बाण कुटं गेला. अक्षरं बारकी झाली. एक नवं नाव घावलंय, ऐक. भर गर्दीत, एका हातात कुणाचं तरी आधार कार्ड नि दुसऱ्या हातात कात्री असताना, मला बिबट्याच्या पाणवठ्याची कथा ऐकवायचा. सुरुवातीला मजा वाटायची. पुढे पुढे मी ‘नंतर करतो’ म्हणायला लागलो आणि करायचो नाही.

त्या दिवशी दुपारी मामा लॅपटॉप घेऊन आरशाच्या कातळावर गेला होता. वाडीत रेंज नाही. त्या कातळावर उभं राहिलं तरच फोनला पलीकडच्या टॉवरचा वारा लागतो, मग फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडून मामा बसतो. चारी बाजूंना सोनकी फुललेली, पिवळीधम्मक. खालून ढग चढत होते. धरणाचं पाणी मधूनच दिसत होतं आणि मधूनच जात होतं. चुलतीचा आवाज त्या फायलींमध्ये फार हळू आला होता, म्हातारपणचा. तो जरा मोठा करता येतो का, ते त्याला बघायचं होतं. एका बोटानं त्यानं मराठीत लिहिलं, ‘आवाज मोठा कसा करायचा’, आणि जे पहिलं आलं त्यावर दाबलं.

पडदा लाल झाला. पूर्ण. कडेचं काही म्हणजे काही दिसेना. भोंगा वाजायला लागला आणि त्या शांत डोंगरात तो असा घुमला की शेळ्या उधळल्या. मग बाईचा आवाज हिंदीत सांगायला लागला, थांबेचना: तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद केलात तर सगळ्या फायली पुसल्या जातील, ताबडतोब या नंबरावर फोन करा. खाली मोठ्या अक्षरांत नंबर.

तो लाल पडदा म्हणजे नुसतं एक पान असतं. भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीत जेवढा जोर, तेवढाच त्याच्यात. आतल्या एकाही फायलीला त्याचं बोट लागत नाही. पॉवरचं बटण दाबून धरलं की सगळं मरतं, आणि पुन्हा चालू करताना ते पान उघडायचं नाही, की संपलं. खरी कंपनी असा भोंगा वाजवून स्वतःचा फोन नंबर देत नाही. हे मी पन्नास जणांना सांगितलंय. दुकानात पाटीसुद्धा लावलीय. पाटी कोण वाचतो!

आणि मामानं आधी त्या नंबरावर फोन केलाच नाही. त्यानं मला केला.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. दुकानात पंधरा माणसं, साइट बंद पडत होती, माझं डोकं उकळत होतं. फोनवर ‘बारकूमामा’ दिसलं आणि मी लाल बटण दाबलं. दोन मिनिटांनी पुन्हा दिसलं. बाण हरवला असेल, म्हटलं, आणि फोन पालथा घातला.

दोन वाक्यं पुरली असती. दोन.

मग त्यानं त्या नंबरावर फोन लावला.

पलीकडचा माणूस म्हणाला, माझं नाव इंद्रजित, मी हेड ऑफिसातून बोलतोय. कशाचं हेड ऑफिस, ते मामानं विचारलं नाही. ‘‘आवाज लई ग्वाड व्हता,’’ मामा मला नंतर म्हणाला. ‘‘आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलत्यात न्हवं, तसा.’’ डोंगर चढायला येणाऱ्या पोरांमुळे मामाला हिंदी चांगली कळते. घाबरू नका बाबूजी, मी आहे ना, असं तो म्हणाला. फक्त फोन ठेवायचा नाही, मशीन बंद करायचं नाही, आणि काम होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मग त्यानं एकेक अक्षर सांगून मामाकडून लॅपटॉपवर काहीतरी उतरवून घेतलं, पडद्यावर आलेले नऊ आकडे विचारले, आणि भोंगा थांबला. मामाला हायसं वाटलं. त्यानं त्या माणसाचे आभारसुद्धा मानले.

आता इथे मामाची चूक समजून घ्यायची तर डोंगरातली एक रीत माहीत पाहिजे. धुक्यातून जाताना ज्याला वाट ठाऊक आहे तो पुढे चालतो. बाकीच्यांनी त्याच्या पाठीवर नजर ठेवायची आणि गप्प यायचं. एकदा माणसाला पुढे घातलं की मधे ‘हीच का वाट’ असं विचारायचं नाही. शंका घेतली की त्याचाही पाय अडखळतो आणि आपलाही. मामानं ही रीत तीस वर्षं दुसऱ्यांना पाळायला लावली होती. ‘वाट माहीत आहे’ म्हणणारा माणूस भेटल्यावर त्यानं स्वतः ती पाळली. त्यानं त्याला पुढे घातलं.

पडद्यावरचा बाण चालायला लागला. मामाचे दोन्ही हात मांडीवर, आणि बाण आपला आपण चाललाय. वर गेला, कोपऱ्यात गेला, एक चौकट उघडली, मिटवली. एवढ्यात ढग कातळावर येऊन पोचला. सोनकी गेली, शेळ्या गेल्या, धरण गेलं. पांढऱ्यात एक उजेडाची चौकोनी खिडकी, तिच्यात हिंडणारा बाण, आणि कानाशी तो गोड आवाज. मामा म्हणतो, झोप लागायच्या आधी असतं तसं झालं. आपण आहोत की नाही, तेच कळेना. समोर काय चाललंय ते दिसत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय असं वाटत होतं. आणि त्यात, खरं सांगायचं तर, बरंही वाटत होतं. आयुष्यभर पुढे चाललेल्या माणसाला मागून चालायला मिळालं होतं.

‘‘बाबूजी, बॅटरी खतम हो रही है, चार्जर लगाओ.’’

‘‘कुटं लावू? हिरडीच्या झाडाला?’’

‘‘घर में नहीं हो क्या?’’

‘‘कातळाव हाय.’’

मग तो म्हणाला, ठीक आहे, मग पटपट करू. घाई तिथून सुरू झाली.

त्यानं एक यादी उघडून दाखवली. ओळीनं तांबडी चिन्हं. हे सगळे व्हायरस, म्हणाला. (अशी यादी प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असते. किरकोळ खाकरणं-शिंकणं तिथे लिहिलं जातं, त्यानं कुणी मरत नाही.) मग काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं पावसासारखी पळवली. मग म्हणाला, अरे बापरे, वाढले की! आणि पुन्हा यादी दाखवली. मग त्यानं मामाचं फोल्डर शोधलं. त्यावर ‘गोजरा चुलती’ लिहिलेलं होतं. मामाच्या डोळ्यांसमोर ते बारकं पिवळं फोल्डर बाणानं उचललं, सरकवलं, आणि ते दिसेनासं झालं.

‘‘देखो बाबूजी, खा गया.’’

मामा पडद्यावर बोट फिरवून ते शोधायला लागला. चुलतीला पोचवून आलो त्या दिवशीही ती एवढी गेल्यासारखी वाटली नव्हती, असं तो मला म्हणाला, आणि म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा निदान तिचा आवाज मागे आहे म्हणून धीर होता. तो माणूस म्हणत होता, परत आणून देतो, फक्त सिक्युरिटी घ्यावी लागेल, बँकेचं कार्ड काढा, दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. मामानं बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आधार कार्डाच्या मागे एटीएम कार्ड होतं. त्यानं ते हातात घेतलं. तो माणूस म्हणाला, लवकर, हे बघा आता किती झाले, आणि तिसऱ्यांदा ती यादी उघडली.

मामाला इंग्रजी अक्षरं जुळवायला वेळ लागतो, पण आकडे कळतात. वरच्या ओळीत सकाळची वेळ लिहिलेली होती, दहा वाजून सतरा मिनिटं. पहिल्यांदा दाखवली तेव्हाही वरच्या ओळीत दहा सतरा. दुसऱ्यांदाही दहा सतरा. खालचं तांबडं चिन्हही तेच, त्याच्या खालची कोरी जागाही तीच.

धुक्यात चालताना मामा दगड ध्यानात ठेवतो. एकच दगड दोनदा दिसला तर तो दुसरा तसलाच दगड असू शकतो. तिसऱ्यांदा दिसला की मग कुणाला विचारायचं काम नाही. आपण गोल फिरतोय, आणि आपल्याला कुणीतरी फिरवतंय.

चकवा.

आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक असतं. चकवा ओळखीच्या माणसाच्या आवाजात बोलतो, ‘चल, मी नेतो’ म्हणतो, आणि रात्रभर त्याच त्याच जागी फिरवून माणसाला कड्यावर आणून सोडतो. तो थांबू देत नाही. मामा सांगतो, खरा वाटाड्या आणि चकवा यांच्यात फरक एवढाच. ‘‘वाट म्हाईत आसल त्यो तुला बसू देतो. पानी पी म्हनतो. ज्येला म्हाईत न्हाई, त्योच पळीवतो.’’ मधे प्रश्न न विचारायच्या रीतीला एकच अपवाद आहे, तो हाच. चकवा आहे असं कळलं की त्याच्याशी वादही घालायचा नाही. त्याच्या मागून चालायचं थांबवायचं आणि खाली बसायचं.

मामानं कार्ड पिशवीत घातलं, पिशवी खिशात घातली. लॅपटॉप मिटला. मग फोनवर म्हणाला, ‘‘मी पानी पिऊन येतो.’’

‘‘नहीं नहीं बाबूजी, हिलना नहीं, फोन मत रखना.’’

‘‘ठिवत न्हाई. चाललोय.’’

आणि तो खरंच फोन न ठेवता कातळावरून उतरायला लागला. फोन कसा तोडायचा ते त्याला येतं, पण त्याच्या वाडीत बोलणाऱ्या माणसाला मधेच तोडत नाहीत, शत्रू असला तरी. कातळाखाली हिरडीचं एक जुनं झाड आहे, तिथे डोंगराला घळ पडलीय. त्या घळीत रेंज पोचत नाही. एकेक पायरी उतरावी तसा मामा उतरत गेला आणि आवाज बारीक होत गेला. बाबूजी, सुनो. बाबू. मग नुसता श्वासासारखा काहीतरी आवाज. मग पानांवरून ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू यायला लागलं.

हिरडीखाली तो बसला. वहाणा काढून डाव्या पायातली उजव्यात आणि उजव्यातली डाव्यात घातली, चकव्यावर करतात तसं. हे सांगताना तो जरा लाजला. लॅपटॉप मांडीवर धरून, त्यातली बॅटरी आपोआप संपून जावी म्हणून, तो कितीतरी वेळ तिथेच बसून राहिला. ढग त्याच्या अंगावरून जात होते. त्या पांढऱ्यात त्याला वाटलं, आपणच पाण्याच्या तळाशी बसलोय. वर धरण आहे, आणि इथे खाली उंबर, विसाव्याचा दगड, चुलतीची दोन बोटं चालत चाललीत. त्यानं पहिल्यापासून नावं म्हणायला घेतली. सातव्या नावानंतर अडला. पुन्हा पहिल्यापासून घेतली, पुन्हा सातालाच अडला. तिथे बसून आपण रडलो, असं त्यानं मला सरळ सांगितलं.

संध्याकाळी घरी मामीला सगळं सांगितलं. मामीनं एकच प्रश्न विचारला.

‘‘गाव कंचं म्हनला?’’

‘‘गाव न्हाई सांगितलं.’’

‘‘मंग बोललास कशाला त्याच्यासंगं?’’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जीपनं तो पौडला आला. मी शटर वर करत होतो. त्यानं झोळी काउंटरवर ठेवली, पण सोडली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कालचे दोन फोनही, त्यात जराही टोमणा नव्हता. ‘‘तू कामात आसशील,’’ म्हणाला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी चिडून काहीतरी बोललो असतो आणि सुटलो असतो. आता नुसती लाज वाटत राहिली, ती अजून वाटते.

शटर अर्धं खाली ओढून मी कामाला लागलो. दुकानाचं वायफाय बंद केलं आणि मग चार्जर लावून लॅपटॉप चालू केला. त्या माणसानं मामाकडून उतरवून घेतलेलं, दुरून बाण चालवायचं ॲप आधी काढून टाकलं. तोवर मामा बाकावर गुडघे जवळ घेऊन बसला होता. मग मी पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यावर दाबलं.

डब्यात एकच वस्तू होती. ‘गोजरा चुलती.’

त्या हरामखोराला मोडताही आलं नव्हतं काही. नुसतं उचलून मागच्या दारी टाकलं होतं, म्हातारा घाबरावा म्हणून. मी ते परत जागेवर आणलं आणि फायली मोजल्या. त्रेचाळीस. मामाला सांगितलं, तर तो बाकावरच पुढेमागे हलत राहिला. मी आधी दोन पेनड्राइव्हवर सगळं उतरवलं, मग माझ्या कॉम्प्युटरवरून त्याच्या मेलचा पासवर्ड बदलला, बँकेत फोन करून कार्ड बंद करायला लावलं, सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी नंबरावर तक्रार नोंदवून तो नंबर सांगितला. बाहेर गिऱ्हाइकं शटर वाजवत होती. वाजवू दे, म्हटलं.

‘‘एक लाव की,’’ मामा म्हणाला.

‘‘कुठलं?’’

‘‘सातानंतरचं.’’

मी आठवी फाईल लावली. आधी काहीच ऐकू येईना. मग टक, टक, टक, असा फार बारीक आवाज आला. जमिनीवर चालणारी दोन बोटं. मग गोजराबाई, हळू, जणू दुसऱ्या खोलीतून:

‘‘म्होरं बसका. चकवा लागला का मानसानं हितं बसायचं. पळायचं न्हाई, हाका मारायच्या न्हाईत. बसायचं. कुनीतरी येतंच.’’

टक, टक, टक. फाईल संपली.

दुकानात आम्ही दोघंच. शटरखालून उन्हाची पट्टी आत आली होती. मी म्हणालो, ‘‘मामा, मी आलो नव्हतो.’’

‘‘न्हवतास,’’ तो म्हणाला. लॅपटॉप लुगड्यात गुंडाळत होता. ‘‘पर बसल्याव मला तुजंच दुकान सुचलं की.’’

एवढं बोलून त्यानं झोळी खांद्याला लावली, एक पेनड्राइव्ह माझ्याकडे ठेवला आणि दुसरा बंडीच्या खिशात, आधार कार्डाच्या मागे.

कार्तिकात एकदा भर गर्दीच्या वेळी त्याचा फोन आला. एका माणसाचा फोटो काढत होतो, कॅमेरा तसाच ठेवून पहिल्या रिंगला उचलला. हल्ली उचलतो. मागे वारा ऐकू येत होता, म्हणजे कातळावर होता.

‘‘इलास, पेन हाय का?’’

‘‘बोला.’’

‘‘काल तुजी मामी म्हनली, मोळी बसक्यापाशी ठिवलीया.’’

‘‘कुठल्या बसक्यापाशी?’’

‘‘त्या हिरडीखाली रं. मी बसलोतो तितं. म्या न्हाई सांगितलं तिला तसं म्हन म्हनून. आन आज शेजारची शीतल, शेरडं बसक्याकडं गेली म्हनली.’’

मला त्याचा आनंद कळत होता. डोंगरानं नाव धरलं होतं. मी म्हणालो, ‘‘मग तीनशे बारावं लिहू?’’

‘‘नवं नगं. चुलतीचंच हाय त्ये. वर आलंया, यवढंच.’’ वारा वाहत होता. ‘‘पान्याखाली आता बेचाळीस लिही.’’

मी काउंटरमधला नावांच्या यादीचा कागद काढला, त्रेचाळीस खोडलं आणि बेचाळीस लिहिलं. स्टुलावरचं गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं. त्याला म्हटलं, जरा बसा, फोन चालू आहे.